हवालदारांची साखर

हवालदार दिवसातून निदान वीस वेळा स्वतःची स्वतःलाच ओळख करून देत असत. नंबर, हुद्दा, नाव, वडलांचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा. एवढं सगळं एका दमात, ओठांतल्या ओठांत. समोर कुणी असो वा नसो. माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांना पुटपुटताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, जप चाललाय. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा डोक्याच्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्यावी की काय असं मनात आलं. तिसऱ्यांदा न राहवून विचारलंच.

"साखर उतरली का काय ते बगतोय," हवालदार म्हणाले. "नंबर अडखळला की समजायचं गडी घसराया लागला. तालुका आटवला न्हाई की गुळाचा खडा तोंडात टाकायचा. आन जिल्हाबी आटवला न्हाई, तर मग तुमी हायसाच की."

साखर उतरल्यावर घाम येतो, हात थरथरतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो, हे सगळं मी कॉलेजात पाठ केलं होतं. पण रोग्याने स्वतःच स्वतःवर पहारा कसा ठेवावा, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नुकता दवाखाना काढलेला मी, मुकाट्याने त्यांचं म्हणणं वहीत टिपून घेतलं.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी मूळचा सांगलीचा. आमचं घर हळदीच्या व्यापारातलं, जैनाचं, दिवस मावळायच्या आत ताट वाढणारं. लोणंदला दवाखाना काढल्यावरही मी ती शिस्त सोडली नव्हती. संध्याकाळ झाली की माझी चुळबुळ सुरू व्हायची आणि हवालदार ती नेमकी हेरायचे. "चला रं, उठा," ते बाकावरच्या रोग्यांना सांगायचे. "डाक्टरचं घड्याळ डोंगराआड निगालंय. आता आजारी पडायचं ते उद्या सकाळी." हवालदार आज नाहीत. चांगले पिकून, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवून गेले. पण लोणंदच्या बाजारात कुणी खड्या आवाजात कुणाची टर उडवली, की अजूनही माझी मान वळते.

ते मिलिटरीत गाड्या दुरुस्त करत. तिथेच त्यांना मधुमेह निघाला. रोज सकाळी मांडीत इन्शुलिनची सुई टोचून घ्यायची, हे आयुष्यभराचं काम मागे लागलं. मिलिटरीने पेन्शन देऊन घरी पाठवलं आणि इथे गावाने त्यांचा ताबा घेतला. पाण्याची कळशी उचलली की कुणीतरी ती हातातून काढून घेई. नांगराला हात लावला की थोरला भाऊ म्हणे, "तू बस, गड्या, सावलीला." लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणारा त्यांच्या पानापुढे आला की साऱ्या पंगतीतून ओरडा व्हायचा, "त्येला नगं! त्येला नगं!" एवढा गडगडाटी माणूस, पण वर्षभरात त्यांची पार रया गेली.

"डाक्टर," एकदा ते मला म्हणाले, "लढाईत एकलाच आजारी व्हतो, तर त्यो आजार माजा व्हता. हितं आलो आन त्यो गावकीचा झाला. आता मला ईचारल्याबिगर लोक माज्या आजाराव बोलत बसत्यात."

एके दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं की ते मस्कतला चाललेत. तिकडे नव्या बंदराचं काम निघालं होतं आणि क्रेन चालवणारी माणसं हवी होती. मी कपाळाला हात लावला. इन्शुलिन घेणारा माणूस, परमुलखात, एकटा, भट्टीसारख्या उन्हात, तोही पन्नास फूट उंच क्रेनच्या केबिनमध्ये! कंपनीच्या डॉक्टरला कळलं तर पुढच्या विमानाने परत पाठवतील, हेही सांगून पाहिलं. "कळू दिलं तर ना," हवालदार म्हणाले. तपासणीच्या आधी पंधरा दिवस त्यांनी असं काही पथ्य पाळलं की लघवीत साखरेचा मागमूस सापडला नाही. मी खोटा दाखला दिला नाही. पण मला कुणी विचारलंही नाही, आणि मी होऊन सांगितलंही नाही. हे काही बरोबर केलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग पत्रं सुरू झाली. त्या वेळी घरच्या घरी साखर बघायची म्हणजे निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून नळी स्टोव्हवर तापवायची. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर ठीक, पिवळं झालं तर सावध, आणि विटकरी झालं तर धडगत नाही. हवालदारांच्या पत्रात आठवड्याचे सात रंग एका ओळीत लिहिलेले असत आणि खाली बाकी मजकूर. पत्र यायला पंधरा दिवस, माझं उत्तर जायला पंधरा दिवस. एकदा त्यांनी लिहिलं, "तुमचं औषध पोचलं. ते ज्या दुखण्याचं व्हतं ते मागल्या म्हैन्यात आपोआप बरं झालं. सध्या दुसरं चालू हाय. त्येचं औषध तुमी पुढल्या म्हैन्यात पाठवालच." माझी डॉक्टरकी इतक्या प्रेमाने कुणी मोडीत काढली नसेल.

इन्शुलिन गारव्यात ठेवावं लागतं, आणि छावणीत फ्रीज एकच, मेसचा. तिथे औषधाची बाटली दिसली की चार प्रश्न येणार. हवालदारांनी बाटलीवरचा कागद खरवडून काढला, तिच्या गळ्याला लाल दोरा बांधला आणि मेसच्या मल्याळी आचाऱ्याला मिलिटरीतल्या हिंदीत सांगितलं की हे वाईच्या घाटावरचं कृष्णेचं तीर्थ आहे, रोज पहाटे घेतल्याशिवाय मी अन्नाला शिवत नाही. आचारी भाविक निघाला. त्याने मासळीचं भांडं खालच्या कप्प्यात हलवलं आणि वरचा कप्पा धुऊन तीर्थाला मोकळा करून दिला. इन्शुलिनला एक उग्र वास असतो. आचाऱ्याने तो एकदा हुंगला आणि विचारलंच. "मोठ्या नदीचा वास असाच असतोय," हवालदारांनी ठोकून दिलं. पुढे आचाऱ्याला ताप आला आणि त्याने हात जोडून थेंबभर तीर्थ मागितलं. हवालदारांनी नळाचं पाणी मंत्र पुटपुटत त्याच्या हातावर घातलं. मंत्र म्हणजे तेच, नंबर, हुद्दा, नाव. दुसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला, आणि त्यानंतर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हवालदारांचं ताट तयार असे.

केबिनमध्येही त्यांचा नेम ठरलेला होता. खाकी सदऱ्याच्या खिशात घरचा गूळ. प्रत्येक वजन उचलायच्या आधी नंबरपासून जिल्ह्यापर्यंत सगळं म्हणायचं. जरा जीभ अडखळली तर हात दांड्यावरून काढून गूळ खायचा, पाव तास थांबायचं. खालचे लोक ओरडायचे. "ओरडू द्यात," त्यांनी लिहिलं होतं. "लोखंडाला घाई नसती, मानसाला असती."

सगळी पत्रं अशी हसरी. एकच निराळं आलं. त्यात रंगांची ओळ नव्हती. "तीन दिस तापानं खाटेवर व्हतो. कुनी कळशी काढून घेतली न्हाई, कुनी बस म्हनलं न्हाई. पैले दोन दिस लय बरं वाटलं. तिसऱ्या दिशी न्हाई वाटलं." एवढंच. मी ते पत्र चार वेळा वाचलं. उत्तरात काय लिहावं सुचेना, म्हणून औषधाचं प्रमाण लिहून पाठवलं. त्याची मला अजून लाज वाटते.

दोन वर्षांनी हवालदार सुट्टीवर आले ते टेरिलीनचा सदरा घालून आणि एक भलतीच बातमी घेऊन. मस्कतच्या हवेने आपली साखर साफ बरी झाली, असं त्यांनी गावात जाहीर केलं. पुन्हा कुणी कळशी हिसकावू नये म्हणून केलेली ही युक्ती. गाव खूश झालं, आणि आमच्या या मुलखात लोक खूश झाले की चहा पाजतात. परदेशातून आलेल्या माणसाने भावकीतल्या प्रत्येक घरी रोज चहा घ्यायचाच असतो. नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. वैरातलं एक घर सोडलं तर भावकी नऊ घरांची. चहाही साधा नव्हे, चमचा उभा राहील असा. बरा झालेला माणूस बिनसाखरेचा चहा कोणत्या तोंडाने मागणार? हवालदारांनी त्यावर तोड काढली. सकाळच्या सुईत नऊ चहांपुरतं इन्शुलिन जादा भरायचं. याला त्यांनी 'भावकीचा डोस' असं नाव दिलं होतं. मला कळल्यावर मी अंगावर धावून गेलो. "एखाद दिवशी चहा नाही मिळाला तर?" मी विचारलं. ते खदखदून हसले. "आवं डाक्टर, सूर्य उगवायचा ऱ्हाईल, पर भावकीचा च्या चुकायचा न्हाई."

तो नेमका चुकला. एका सकाळी हवालदारांनी भावकीचा डोस टोचून घेतला, आणि सुई उकळत्या पाण्यात टाकताहेत तोवर हाळी आली, नाना गेले. नाना म्हणजे त्यांचे चुलत चुलते. बांधावरून दोन्ही घरांत आठ वर्षं बोलणं नव्हतं. पण मयत ते मयत. भावकीतल्या नऊच्या नऊ चुली विझलेल्या राहिल्या. मयत उचलून, नदीवर सगळं आटोपून परत येईपर्यंत कुणाच्या तोंडात पाण्याचा घोट जायचा नाही, चहा तर दूरच. आणि वैर होतं म्हणूनच हवालदारांना सगळ्यांत पुढे राहणं भाग होतं. त्यांनी अंगातला खाकी सदरा खुंटीला अडकवला, पांढरा घातला, आणि तिरडीला पहिला खांदा दिला. गूळ राहिला खुंटीवर.

नाना माझेही रोगी, म्हणून मीही नीरेकाठी गेलो होतो. तिरडी खाली ठेवली, लाकडं रचणं चाललं होतं. हवालदार घामाने थबथबले होते. एकाएकी ते पुढे झाले, तिरडीजवळ उकिडवे बसले आणि मोठ्याने म्हणाले, "नाना, उठा की आता! च्या गार व्हतोय!" सगळ्या घोळक्यात हुंदका उठला. "बगा, आठ वर्सं बोलला न्हाई, पर पोटात केवढी माया," एक म्हातारा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाला. नानांचा थोरला मुलगा तर हवालदारांच्या गळ्यातच पडला. हवालदार त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते.

मी गर्दीतून वाट काढून त्यांच्याजवळ गेलो. "हवालदार, नंबर सांगा," मी म्हणालो. ते नुसते बघत राहिले. "गाव सांगा."

"मुक्काम पोस्ट मस्कत," हवालदार म्हणाले. "तालुका..." आणि तिथेच थांबले.

मला साखर हवी होती, आणि स्मशानात साखर कोण आणून ठेवणार? मी इकडेतिकडे पाहिलं. दहा पावलांवर उसाचा फड उभा होता. धोतर सावरून मी आत घुसलो, एक कांडं मोडलं, दातांनी सोललं आणि हवालदारांच्या तोंडात तुकडा कोंबला. "चावा!" मी ओरडलो. मिलिटरीत हुकूम ऐकायची सवय कामी आली. ते चावू लागले. लोक थिजून बघत होते. तिकडे नानांच्या चितेला अग्नी देताहेत, आणि इकडे बांधावर बसून हवालदार कराकरा ऊस खाताहेत, शेजारी सांगलीचा डॉक्टर दुसरं कांडं सोलतोय, असं ते दृश्य. शुद्धीवर आल्यावर हवालदारांनी आधी मागे वळून फडाकडे पाहिलं.

"डाक्टर, ह्यो ऊस कुनाचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"नानांचा."

"अरारा," हवालदार म्हणाले. "जित्तेपनी एक टिपरू दिलं न्हाई म्हाताऱ्यानं."

पण व्हायचं ते झालं होतं. साखर गेलेली नाही, हे गावाला कळलं. साखरेच्या आजाराचा माणूस ऊस खाऊन बरा कसा झाला, हे मी संध्याकाळपर्यंत समजावत होतो आणि कुणालाच पटत नव्हतं. एक मात्र सगळ्यांना पटलं. भावकी बसली आणि ठरलं, की आता मस्कत बंद. हवालदारांनी सावलीला बसायचं.

तिसऱ्या दिवशी हवालदारीणबाई, म्हणजे हौसाबाई, नवऱ्याला पुढे घालून दवाखान्यात आल्या. "डाक्टर, खरं सांगा. ह्यो आजार जायाचा हाय का?"

"जायचा नाही. पण नीट सांभाळला तर माणसाला काही होत नाही."

"आन तिकडं सांबाळाया कोन हाय?"

"मी हाय की," हवालदार म्हणाले.

"तुमी केवढं हायसा ते दिसलं की परवा. नानाचा ऊस खात बसला व्हता."

मी कपाटातून पत्रांचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला. ती पत्रं हवालदारांनी विश्वासाने मला लिहिलेली होती, ती दाखवायचा मला अधिकार नव्हता. पण मला दुसरं काही सुचलं नाही. हौसाबाई चौथी शिकलेल्या. बाकावर बसून, ओळीखाली बोट धरून त्या वाचत गेल्या. तीर्थाच्या पत्राला हसल्या. मग तापाचं पत्र आलं आणि बोट थांबलं.

"ह्ये मला का न्हाई लिवलं?"

"तू रडली असतीस," हवालदार खाली बघत म्हणाले.

"मग? रडले असते. रडून काय हुतंय? दुसऱ्या दिशी भाकरी थापल्याच असत्या की."

हौसाबाईंनी पदर खोचला आणि निकाल दिला. "जावा तुमी. भावकीला मी बगते. पर तितं गेल्या गेल्या सायबाला खरं सांगायचं. ठेवलं तर ऱ्हावा. न्हाई ठेवलं तर गुमान घरी या. मी तुमाला बस म्हननार न्हाई, औताला जुपीन. आन दुखन्याचं पत्र ह्या डाक्टरला न्हाई लिवायचं. मला लिवायचं."

लोणंदच्या स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेलो. हवालदार घाबरलेले होते. लढाई पाहिलेला माणूस, पण साहेबापुढे उभं राहून 'मी आजारी आहे' म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "हाकललं तर, डाक्टर?" गाडी सुटताना ते म्हणाले. मी काय सांगणार? हाकलण्याचीच शक्यता जास्त होती.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. पोस्टमन दवाखान्यात आला की मी रोगी सोडून त्याच्याकडे बघायचो. शेवटी एका बाजारच्या दिवशी हौसाबाई आल्या. रोग्यांच्या रांगेत बसल्या, नंबर आल्यावर आत आल्या, आणि आधी गुडघा दाखवला. मी गुडघा पाहिला. गोळ्या दिल्या. मग म्हणाल्या, "ठेवून घेतलं त्येंला."

साहेब आधी भडकला होता. दोन वर्षं आजार लपवून क्रेन चालवली म्हणून वाट्टेल ते बोलला. पण इतका जपून काम करणारा गडी सोडायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने क्रेन काढून घेतली आणि हवालदारांना खाली वर्कशॉपमध्ये घेतलं, चार माणसांच्या नजरेसमोर. मी अधीर होऊन पत्रासाठी हात पुढे केला. हौसाबाईंनी पत्र पिशवीत आत सारलं.

"त्यात तुमचं काय न्हाई," त्या म्हणाल्या.

पुढची तीन वर्षं मस्कतहून मला एकही पत्र आलं नाही. आधी आधी राग यायचा, खोटं कशाला बोलू, हेवाही वाटायचा. मग एकदा भर बाजारात हौसाबाईंनी मला गाठलं. डोक्यावरची पाटी उतरवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"नवे बूट चावल्यात म्हनं त्येंला, टाचंला फोड आलाय. मी लिवलं, फोडायचा न्हाई, अनवानी फिरायचं न्हाई, जुनं बूट घाला, आन रोज सांजंला तळवा उजेडात धरून बगत जावा. पंदरा दिस जानार पत्राला, म्हनून कालच टाकलं." मग आवाज एकदम खाली आला. "डाक्टर, बरुबर लिवलंय न्हवं मी?"

"मी याहून वेगळं काही लिहिलं नसतं," मी म्हणालो, आणि ते अक्षरशः खरं होतं.

"मग झालं," असं म्हणून त्यांनी पदराने डोळे टिपले, पाटी डोक्यावर घेतली आणि वांग्याचा भाव करायला निघून गेल्या. हवालदारांना आता माझी गरज उरली नव्हती. डॉक्टर म्हणून इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे.